कांडीला टेकल्याशिवाय ओतायचं नाही

सर,

ज्या मुली प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून विज्ञान शिकल्या, टाचा उंच करून पुढच्या पोरांच्या खांद्यावरून पाहत राहिल्या, आणि परीक्षेत 'निरीक्षण' या मथळ्याखाली कधी न पाहिलेलं लिहून पास झाल्या, त्या सगळ्यांच्या वतीनं हे लिहिते आहे. आमची तक्रार एकच आहे. आमच्याकडून नियम पाठ करून घेतले, वस्तूला हात लावू दिला नाही. ही तक्रार तुमच्याविरुद्ध नाही. उलट अशी काही तक्रार असू शकते, हे मला तुमच्यामुळेच कळलं. पण ती कोणासमोर मांडायची हे मला सुचेपर्यंत तुम्ही गेलात, आणि तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली, की तुम्हाला ओळखणारं माणूस शोधायला मला दोन गावं फिरावी लागतील. म्हणून थेट तुम्हालाच लिहिते.

निमित्त साधं आहे. गेल्या आठवड्यात कामरगावकडच्या एका शाळेत भाषणाला गेले होते. मुख्याध्यापकांनी कौतुकानं प्रयोगशाळा दाखवली. फरशी चकचकीत, टेबलं नवी, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावे.' मी म्हटलं, वा, आणि बाटल्या कुठे आहेत? त्यांनी कपाट दाखवलं. कपाटाला कुलूप. "मॅडम, रिस्क कोण घेते? एखाद्या पोरीच्या तोंडावर उडालं तं निस्तरत बसा," ते म्हणाले. मागे मुली उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, "आम्लात पाणी काहून ओतायचं नाही गं?" एक धीट पोरगी म्हणाली, "पेपरात तेवढंच येते मॅडम. काहून ते नाही येत." सगळ्या हसल्या. मीही हसले. परतीच्या जीपमध्ये मात्र तुमचा आवाज ऐकू यायला लागला, आणि तो अजून थांबलेला नाही.

कारण 'काहून' हा तुमचा शब्द होता. तुम्ही आमच्याकडचे नव्हतात. तुमची भाषा पुस्तकातली, तुमच्या आडनावावरून गावानं तुमची पायरी ठरवून टाकलेली, आणि ती वरची होती. आपला भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता आणि बाहेरून बदली होऊन इकडे येणारे मास्तर आल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीला लागायचे. तुम्ही आलात आणि पहिल्या आठवड्यात वऱ्हाडीतला एक शब्द उचललात. "का" विचारलं की पोरं गप्प बसतात, "काहून" विचारलं की बोलतात, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या तोंडी तो शब्द इतका विचित्र वाटायचा की मागच्या बाकावरची पोरं तुमची नक्कल करायची. तुम्ही तीही ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, "माझं काय चुकतं? काहून हसता?"

शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग नुकतेच जोडले होते. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. भिंतीशी कपाट, त्यात काचेच्या बुचाची ॲसिडची बाटली, शेजारी खाण्याच्या सोड्याची बरणी. बाहेर व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण. पाणी घ्यायला कोणी रांजणात हात घालायचा नाही, शिपाई ओगराळ्यानं ओंजळीत ओतायचा. सगळ्यांनाच ओतायचा, त्यात भेद नव्हता. फक्त ओगराळ्याची उंची बदलायची. आमच्या वस्तीतल्या पोरांची ओंजळ पुढे आली की ओगराळं आपोआप हातभर वर जायचं. त्यानं कधी वाकडा शब्द काढला नाही. आमच्या आईवडलांनी धम्म स्वीकारून वीस वर्षं होत आली होती, घरातले देव गेले होते, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं होतं, मी आसेगावकडून एसटीनं शाळेत येत होते, रसायनशास्त्र शिकत होते, आणि पाणी अजून वरून पडत होतं.

विज्ञान घेतलेल्या मुली आम्ही दोघीच. दुसरी गावाला लागून असलेल्या मळ्यातली. त्यांचा भाजीचा मळा होता, सकाळी मेथीच्या जुड्या बांधून ती शाळेत यायची आणि तिच्या बोटांना दुपारपर्यंत ओल्या मातीचा वास असायचा. तिचं माझं जमायचं. ती माझ्या डब्यातली चटणी खायची नाही, पण चटणीची चौकशी करायची. "काय काय टाकते वं तुही माय यात? वासानंच तोंडाले पाणी सुटून राह्यलं." मी म्हणायची, "मंग खा ना." ती म्हणायची, "खाईन, लग्न झाल्यावर, सासू नसली तं." आणि आम्ही दोघी हसायचो. आज कोणी असं म्हणालं तर मी तिथल्या तिथे सभा घेईन. तेव्हा मला तो विनोदच वाटायचा.

तुम्ही मुलींना दारातून आत आणलंत. पहिल्याच प्रात्यक्षिकाला म्हणालात, "बघणारे बाहेर थांबा, करणारे आत या," आणि आमच्या दोघींकडे बघत राहिलात, आम्ही आत येईपर्यंत. मग फळ्यावर नियम लिहिलात आणि त्याचं कारण चित्र काढून सांगितलंत. ॲसिड पाण्याहून जड. पाणी वरून टाकलं तर ते ॲसिडवर तरंगतं, आणि दोघांची गाठ पडते तिथे एवढी उष्णता निघते की ते वरचं पाणी जागीच उकळतं, फुटतं आणि ॲसिड घेऊन अंगावर येतं. उलट पाण्यात थोडं थोडं ॲसिड सोडलं तर ते जड असल्यामुळे खाली जातं, आणि निघालेली उष्णता सगळं पाणी वाटून घेतं. मला हे पूर्ण समजलं होतं, सर. हे मुद्दाम लिहिते आहे. मळ्यातलीलाही समजलं होतं. तुम्ही उलटसुलट विचारलंत तेव्हा तिनं माझ्याआधी उत्तर दिलं होतं.

आणि तरीही ते झालं. तुम्ही पलीकडच्या टेबलावर पोरांची गळती नळी बघत होतात. मी बोटभर गंधकाम्ल मोजलं आणि बीकरमध्ये काढून घेतलं. इथंच घोटाळा झाला, आधी पाणी घ्यायला हवं होतं. ती पाण्याचा जग घेऊन आली. मी काय केलं? बीकर टेबलावर ठेवलं नाही. दोन्ही हातांत धरून पुढे केलं. आणि तिनं काय केलं? जग उचलला, वर नेला, हातभर वर, आणि ओतला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतही नव्हतो, बोलत होतो, तिच्या मावसबहिणीच्या लग्नाचं काहीतरी. नियम आमच्या डोक्यात होता, सवय हातात होती. ती ओतते आणि मी धरते आहे, जगाचा काठ माझ्या बीकरला लागू नये म्हणून मधे अंतर आहे, हे करायला आम्हा दोघींनाही विचार करावा लागला नाही. एवढी जुनी गोष्ट आमच्या अंगात बसली होती.

फट्कन आवाज झाला. बीकर हातात एकदम तापलं, मी ते सोडलं, आणि डाव्या मनगटावर विस्तव पडल्यासारखं झालं. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. तुम्ही आलात ते आठवतं. तुम्ही माझा दंड धरलात, खेचत व्हरांड्यात नेलंत, झाकण उडवलंत आणि माझा हात कोपरापर्यंत रांजणात घातलात. पिण्याच्या पाण्याच्या रांजणात! शिपाई ओगराळं घेऊन उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग माझा हात बाहेर काढून तुम्ही त्याच्या हातातून ओगराळं घेतलंत आणि रांजण अर्धा होईपर्यंत माझ्या मनगटावर पाणी ओतत राहिलात. मला दुखत होतं, रडू येत होतं, आणि तशातही मी विचारलं, "सर, ॲसिडवर पाणी टाकू नका म्हणता, अन् हातावर पाणीच टाकता, काहून?" तुम्ही ओतायचं न थांबवता म्हणालात, "चांगला प्रश्न. थोडं पाणी टाकलं तर तापतं. भरपूर टाकलं तर उष्णताही वाहून जाते आणि ॲसिडही. हात मागे घेऊ नका." तेवढ्यात तुमच्या चेहऱ्यावर आनंद दिसला मला. भाजलेल्या पोरीला प्रश्न पडला याचा आनंद. त्या वेळी त्याचा राग आला होता.

हातावर पाच-सहा डाग राहिले. आईची सुती साडी नेसून गेले होते, ती दुसऱ्या दिवशी धुतली तेव्हा तिच्यात भोकं निघाली. आई ती उजेडात धरून बघत राहिली. "उंदरानं कुरतडली म्हणावं तं उंदीर एवढा हुशार नाही. तुमचा मास्तर पोरीईले पाण्यानं जाळते काय वं?" मी तिला सगळं सांगितलं. ॲसिड, पाणी, जग, उंची. उंचीपाशी ती थांबली. साडीची घडी करून ठेवली.

मग बोलावणं आलं. शाळेच्या समितीतल्या एका माणसाची तक्रार होती, आणि ती माझ्या हाताबद्दल नव्हती, रांजणाबद्दल होती. हेडसरांच्या खोलीत तुम्ही उभे, मी उभी, आई दाराशी. हेडसर वाईट नव्हते, दमलेले होते. म्हणाले, "मुलींनी लांबून बघावं, असं ठरवू. त्यांच्या भल्यासाठीच आहे. पेपर लिहितील, प्रात्यक्षिकाचं बघू काहीतरी." 'बघू काहीतरी' याचा अर्थ मला कळत होता. प्रात्यक्षिक नाही तर विज्ञान नाही, आणि विज्ञान नाही तर मी दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर शेतात निंदायला. माझं सगळं त्या एका वाक्यावर टेकलं होतं. आई दारातूनच बोलली. "गुरुजी, हात बरा होईन तिचा. कामाचे हात आहेत आमचे, ते बरे होतेच. पण तिले मांगं नका बसवू. मांगं बसून बसून तं आमी इथवर आलो." हेडसरांनी मान खाली घातली. समितीतला माणूस म्हणाला, "ते ठीक आहे बाई, पण पिण्याच्या पाण्यात हात..." तुम्ही त्याला मधेच थांबवलंत. "रांजण मीच बदलतो. त्यात ॲसिड गेलं आहे. कोणीच त्यातलं पाणी पिऊ नये." आणि हेडसरांना म्हणालात, "प्रयोग मात्र त्या दोघींनाच परत करावा लागेल. चूक कशी होते हे वर्गात त्यांनाच माहीत आहे." हेडसर म्हणाले, "जबाबदारी तुमची." तुम्ही म्हणालात, "ती होतीच."

त्या शनिवारी तुम्ही प्रयोगाआधी चौकशी केलीत. मला वाटलं, आता तिला झापणार. ती तर घरून रडूनच आली होती. तुम्ही तिला जग दिलात, रिकामा, आणि म्हणालात, "परवा किती उंचीवरून ओतलं? दाखवा." तिनं दाखवलं. "इतक्या वरून काहून?" ती गप्प. त्या खोलीत एकही पोरगा असा नव्हता ज्याला उत्तर माहीत नव्हतं. तुम्ही वाट बघितलीत. मग म्हणालात, "बरं. इथे दोन चुका आहेत. एक, ॲसिडवर पाणी. दुसरी, उंची. उंचीवरून ओतलेला कुठलाही द्रव उडतो, साधं पाणीसुद्धा. दोन्ही चुका आपण वेगवेगळ्या दुरुस्त करू." आणि फळ्यावरच्या नियमाखाली दुसरी ओळ लिहिलीत: कांडीला टेकल्याशिवाय ओतायचं नाही.

बीकर टेबलावर, थंड पाण्याच्या परातीत. बीकरमध्ये आधी पाणी. काचेची कांडी मी धरायची, तिचं खालचं टोक बीकरच्या आतल्या भिंतीला टेकलेलं. ॲसिडचं मोजपात्र तिच्या हातात, आणि मोजपात्राची चोच माझ्या कांडीला टेकलेली. म्हणजे ॲसिड उडी मारणार नाही, कांडीवरून घसरत खाली उतरेल. तिनं मोजपात्र पुढे आणलं आणि कांडीपासून अंगुळभर दूर थांबवलं. "टेकवा," तुम्ही म्हणालात. ती थोडी पुढे आली आणि पुन्हा थांबली. "टेकवा." ती अडली होती, मीही. ती कशानं आणि मी कशानं, देव जाणे, म्हणजे तिचा देव, माझ्याकडे तेव्हा कोणी नव्हता. तिसऱ्यांदा तुम्ही आवाज चढवला नाहीत, उलट उतरवलात. "टेकल्याशिवाय ओतता येत नाही हो." काचेला काच लागली. किण् असा बारीक आवाज आला. आणि मग ॲसिड उतरायला लागलं, तेलासारखं जाड, सावकाश. पाण्यात शिरलं तशा त्यात पाकासारख्या लहरी दिसायला लागल्या. तुम्ही म्हणालात, "थांबा. ढवळा. आता बाहेरून हाताची मागची बाजू लावून बघा, किती तापलं." मी हात लावला. ती माझ्या हाताशेजारी हात लावून ओरडली, "गरम झालं वं! निसतं पाणी अन् ते, अन् चुलीशिवाय गरम!" आमचे दोन हात एका बीकरला लागलेले होते आणि तिला त्या क्षणी फक्त त्या उबेचं नवल होतं. थोडं ओतायचं, ढवळायचं, थांबायचं, निवू द्यायचं, मग परत थोडं. घाईचं काही नाही. नंतर तुम्ही सगळ्या वर्गाला जोड्या बदलून बदलून तेच करायला लावलंत. वर्ष संपेपर्यंत त्या खोलीत माझ्या कांडीला न टेकलेलं मोजपात्र उरलं नाही.

घरी जाताना ती मला म्हणाली, "एक सांगून ठेवतो तुले. मळ्यात आली तं मी पाणी वरूनच ओतीन. माय बसली असते विहिरीवर." मी म्हटलं, "मंग मी येतच नाही." ती म्हणाली, "नको येऊ. शाळेतच भेटत जाऊ." क्रांती झाली नाही, सर. तिचं लग्न ठरलं, ती बारावीला बसलीच नाही. मी पास झाले, प्रात्यक्षिकाच्या चांगल्या गुणांनी झाले, आणि पुढे रसायनशास्त्र सोडून चळवळीत, माणसांच्या मागे लागले.

गेली कित्येक वर्षं मी ही गोष्ट भाषणात सांगते. मालेगावला सांगितली, मंगरूळला सांगितली, पार नागपुरापर्यंत सांगितली. मुठी आवळून सांगते: एका शिक्षकानं काचेच्या कांडीनं विटाळ मोडला! टाळ्या पडतात. पण जीपमध्ये त्या दिवशी मी एक जुना, दाबून ठेवलेला प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला, तुमच्या पद्धतीनं. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही बाहेरचे. ओगराळ्याची उंची तुम्ही पाहिली होती की नाही? ती गप्प बसली तेव्हा तुम्हाला उत्तर कळलं म्हणून तुम्ही पुढे गेलात, की कळलं नाही म्हणून? नंतर मी रसायनाची पुस्तकं काढून पाहिली. कांडीला टेकवून ओतणं ही साधी, सगळीकडे शिकवली जाणारी रीत आहे. रांजण टाकून द्यायला ॲसिड हे पुरेसं कारण होतं. तुम्ही केलेल्या एकूण एक गोष्टीला निव्वळ रसायनाचं कारण पुरतं. मग उरतं काय? एवढंच, की नीट केलेल्या कामात विटाळाला जागाच नव्हती. तुम्ही हे ठरवून केलं असेल तर तुम्ही मोठे. न ठरवता झालं असेल तर ते त्याहून मोठं नाही का, की हातातलं काम इमानदारीनं करत गेलं तर ते आपोआप होतं? मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते. वादात मला कोणी हरवत नाही. पण हा वाद नाही, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

एकदा संधी होती. वाशिमच्या बसस्टँडवर तुम्ही भेटलात, काठी घेऊन, निवृत्त झालेले. आधी माझं मनगट बघितलंत. मग म्हणालात, "भाषण ऐकलं तुमचं. मी मागे बसलो होतो, तरी स्पष्ट ऐकू आलं." बस, इतकंच. त्यात कांडीची गोष्ट होती, तुम्ही ती ऐकली होती, आणि तिच्याबद्दल हो की नाही काही बोलला नाहीत. उलट मलाच विचारलंत, "आपल्याकडच्या शाळांत मुलं अजून ओततात का, स्वतःच्या हातानं?" मी म्हणाले, "माहीत नाही, सर." तुम्ही मान हलवलीत. गाडी लागली, तुम्ही चढलात. माझा प्रश्न ओठांवर होता. मी विचारला नाही, कारण उत्तर 'नाही' आलं असतं तर? हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सभेत छाती पुढे काढून बोलणारी बाई एका शब्दाला भ्यायली.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून माझा प्रश्न राहू द्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आता माझ्याजवळ आहे. नाही ओतत, सर. भिंतीवर वाचतात. आणि पत्र तुम्हाला असलं तरी लिहिताना मला समोर सभा दिसते, ती सवय जात नाही, तेव्हा शेवटचं त्यांच्याकडे वळूनच बोलते. प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्या खिशात आहे अशा मास्तरांनो, मास्तरणींनो: येत्या सोमवारी ते कपाट उघडा. टेबलावर बीकर ठेवा, त्यात आधी पाणी घ्या, पाण्याची बादली भरून शेजारी ठेवा, स्वतः बाजूला उभे राहा, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलीला तिच्या हातानं एकदा ॲसिड ओतू द्या.